फोटोत न दिसणारी चाल
बुद्धिबळाच्या पटाचा फोटो काढता येत असताना पटावरची स्थिती अक्षरं-अंकांत लिहिणारी ‘फेन’ची ती विचित्र ओळ कशाला, असं विचारणाऱ्यांनी एवढंच सांगावं: फोटोतला राजा एकदा हलून परत जागेवर आलाय का? आला असेल तर कॅसलिंग बाद! चाल कोणाची, हेही फोटो सांगत नाही, फेन सांगते. स्कॉटिश पत्रकार डेव्हिड फोर्सिथ यांची एकोणिसाव्या शतकातली ही पद्धत पुढे स्टीव्हन एडवर्ड्स यांनी संगणकाजोगी केली. किचकट वाटते? ‘४पी३’ म्हणजे चार रिकामी घरं, एक प्यादं, पुन्हा तीन रिकामी. अक्षर कॅपिटल तर मोहरा पांढरा, स्मॉल तर काळा. खरा आक्षेप वेगळाच आहे: तीच स्थिती तिसऱ्यांदा आली का, हे फेनला कळत नाही. त्यावरून बरोबरी मागायची तर सगळ्या चालींची नोंदच हवी. कोडं पाठवायला मात्र ही ओळ पुरते.