डोंगरवाटेवरच्या दोन काठ्या

“अगं, आत्तापासूनच काठी? तीही दोन-दोन?” सासूबाईंनी विचारलं आणि मी वरमलेच. वय ३६. घर, अर्धवेळ शाळा सांभाळून धावायला लागले. पण साताऱ्यात अजिंक्यतारा चढून धावत उतरलं की गुडघे दोन दिवस ठणकायचे. धावणं सोडावं की काय, असं वाटू लागलं होतं.

युरोपात माँ ब्लाँ पर्वताभोवती २००३ पासून होणाऱ्या सुमारे १७० किलोमीटरच्या शर्यतीत कसलेले धावपटूही अशा काठ्या वापरतात, हे वाचलं आणि संकोच गेला.

पहिले आठ दिवस मात्र काठ्या पायांतच! मग चूक उमगली. मी काठी पुढे रोवून स्वतःला ओढत होते. मैत्रिणींनो, चढावर ती पावलाजवळ टेकून मागे रेटायची. उजवा पाय, डावी काठी. उंची अशी, की टोक जमिनीला लागलं तर कोपर काटकोनात हवं. पट्ट्यात हात खालून घालावा, मग पट्ट्यासकट मूठ धरावी. भार मनगटावर येतो, बोटं अवघडत नाहीत. उतारावर काठी थोडी लांब करून पुढे टेकावी, गुडघ्यांवरचा भार हलका होतो. खडकाळ जागी मात्र हात पट्ट्यातून काढावा. टोक फटीत अडकलं तर मनगट मुरगळायचं!

आता ठणका पुष्कळ कमी आहे, धावणं चालू आहे. परवा सासूबाई म्हणाल्या, “माझीही काठी बघ गं जरा.” साध्या काठीची मूठ मनगटाशी यावी, त्यांची चार बोटं उंच निघाली. यांनी लगेच कापून दिली!