प्रवालाचा रंग कां उडतो?

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपैकीं कांहींच्या घरीं खाऱ्या पाण्याच्या कांचपात्रांत जिवंत प्रवाल पाळलेले असतात. प्रवाल हा दगड नव्हे, प्राणी आहे. त्याच्या देहांत राहणारीं सूक्ष्म शैवलें आश्रयदात्याला अन्न व बराचसा रंग देतात.

तो पांढरा पडतांच घाबरून पाणी, दिवा, औषध सारें एकदम बदलूं नये. आधीं भिंगानें पाहावें. सांगाड्यावर पारदर्शक मांस व इवल्या शुंडा दिसल्यास प्राणी जिवंत आहे. पाणी तापल्यानें किंवा प्रकाश एकाएकीं वाढल्यानें शैवलें निघून गेलीं असावींत. कारण वेळींच दूर केल्यास रंग परतूं शकतो, एरवीं उपासमारीनें मृत्यु ठरलेला. मांसच गळालें असल्यास तेवढा भाग मात्र गेला. तपकिरी रंग हें बहुधा शैवलें वाढल्याचें लक्षण. तेथें प्रकाश अपुरा किंवा नायट्रेट व फॉस्फेट अधिक.

नंतर उष्णमान (२४ ते २६ अंश सेंटिग्रेड बरें), खारेपणा व अल्कलीपणा मोजून एका वेळीं एकच फेरफार करावा.

आपल्याकडे मात्र हा छंद नको. कठीण प्रवालांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याचें कवच आहे. ते समुद्रांतच शोभावेत.