पोकरचे ‘डीलर बटण’ घरी घडवताना हातमोजे का आवश्यक?

पोकरच्या टेबलावर ‘डीलर’ असे लिहिलेली एक चकती प्रत्येक डावानंतर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पुढील खेळाडूकडे सरकते. पत्ते कोणीही वाटले, तरी त्या डावाचा डीलर कोण, हे तिच्यावरून ठरते. तीन किंवा अधिक खेळाडू असल्यास तिच्या डावीकडील दोघांना पत्ते पाहण्यापूर्वीच सक्तीची रक्कम लावावी लागते; चकतीधारक मात्र पहिल्या फेरीनंतर सर्वांत शेवटी निर्णय घेतो. हा लाभ आळीपाळीने सर्वांना मिळावा, हेच चकतीचे प्रयोजन.

सुमारे पाच सेंटिमीटर व्यासाची ही चकती हौशी कारागीर इपॉक्सी रेझिनपासून घरीच घडवतात. रेझिन आणि हार्डनर उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातच मोजून घ्यावे लागतात. प्रमाण चुकल्यास चकती चिकट राहते. बुडबुडे टाळण्यासाठी मिश्रण सावकाश ढवळून सिलिकॉनच्या साच्यात ओततात. आत बसवायचे फूल पूर्ण वाळलेले नसल्यास काळवंडते. दमट हवेत पृष्ठभागावर दुधी थर येऊ शकतो.

खरा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. ओले रेझिन किंवा हार्डनर वारंवार त्वचेला लागल्यास ॲलर्जी जडू शकते आणि ती बहुधा आयुष्यभर टिकते. म्हणूनच नायट्राइलचे हातमोजे आणि खेळती हवा आवश्यक ठरते. हाताला लागलेले रेझिन थिनरने न पुसता साबण व पाण्याने धुवावे. कडा पाण्याखाली घासल्यास धूळ उडत नाही. वरून कडक भासणारी चकती पूर्ण पक्की होण्यास काही दिवस लागू शकतात. तोवर तिला टेबलावर आणण्याची घाई नको.