हाताला हवी तेवढीच मदत

पक्षाघातात मेंदूचा जो भाग मरतो, तो पुन्हा जिवंत होत नाही. हात परत चालू लागतो तो बऱ्याच अंशी उरलेल्या भागांनी त्याचे काम उचलल्यामुळे, आणि त्यासाठी तीच ती हालचाल शेकडो वेळा करावी लागते. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मात्र उपचाराच्या एका बैठकीत हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२च भरल्या. उरलेला सराव घरीच व्हायला हवा, आणि घरगुती यंत्रांची खरी गरज इथेच आहे.

कारखान्यातला रोबो विरोध झाला तरी ठरलेला मार्ग सोडत नाही. ताठरलेल्या हाताला असे यंत्र इजाच करील. एमआयटीत नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी घडवलेल्या ‘एमआयटी-मॅनस’ या रोबोने वेगळी वाट धरली. रुग्णाने ढकलले की यंत्र सहज सरकते, हात अडखळला तरच हलका आधार देते. आधार जास्त झाला की रुग्ण नकळत जोर लावणे सोडतो आणि मेंदू शिकत नाही. म्हणून मोटरची ताकद वाढवण्यापेक्षा ती आवरणे अधिक महत्त्वाचे.

यंत्र आले म्हणजे हात सुधारलाच, असेही नाही. ब्रिटनमधल्या ७७० रुग्णांच्या चाचणीत (२०१९) रोबोच्या सरावाने हाताची कार्यक्षमता नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त सुधारली नाही. महागडे यंत्र रुग्णालयात बसवण्यापेक्षा साधे यंत्र रोज वापरले जाणे मोलाचे, असा विचार त्यामुळे बळावतो. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांच्या ‘प्लूटो’ या हाताच्या सरावयंत्रात मोटर एकच आहे, मनगट वाकवणे, पंजा उघडणे-मिटणे अशा हालचालींसाठी तिच्यावरचे जोड बदलता येतात.

घरी अडते ते बारीक गोष्टींवर. मूठ घट्ट मिटलेली असते आणि पट्टा बांधायला एकच हात उरतो. त्यात दहा मिनिटे गेली तर दुसऱ्या दिवशी यंत्र कोपऱ्यात जाते. बंद करण्याचे बटण चांगल्या हाताच्या आवाक्यात हवे. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काहींचे डावीकडे लक्षच जात नाही. पडद्याच्या त्या कडेची सूचना त्यांच्यासाठी नसल्यासारखीच. वाचा गेलेल्यांना शब्दांपेक्षा चित्रे आणि आवाज उपयोगी पडतात. आवर्तने किती झाली, सांधा किती अंश वळला, याची नोंद फिजिओथेरपिस्टला मिळाली की पुढचा सराव ठरवता येतो. खांदा दुखतो का, हे मात्र विचारावेच लागते.