केल्सो : चढण, पाणी आणि एक वाळवंटी रेल्वे-वसाहत

वसाहतींच्या इतिहासाचा विचार करताना आपण बहुधा प्रथम पर्जन्यमान पाहतो. कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात वसलेल्या केल्सोच्या बाबतीत मात्र हा क्रम बदलावा लागतो. येथे वस्ती झाली ती पावसाच्या आधाराने नव्हे, एका चढणीमुळे.

सॉल्ट लेक सिटी व लॉस एंजेलिस यांना जोडणारा लोहमार्ग १९०५ साली पुरा झाला. केल्सोची उंची सुमारे २,१०० फूट, तर ईशान्येकडील सीमा या स्थानकाची सुमारे ४,२०० फूट (या स्पॅनिश नावाचा अर्थच 'शिखर' असा आहे). अंतर मात्र अवघे अठरा-एकोणीस मैल. चढ शेकडा २.२, म्हणजे जवळजवळ पंचेचाळीसास एक. बोरघाटातील सदतिसास एक या चढापेक्षा तो सौम्य असला, तरी आपल्याकडे कर्जतला बँकर जोडतात त्याप्रमाणे येथेही गाड्यांना साहाय्यक इंजिने जोडावी लागत. इंजिने आली म्हणजे त्यांना पाणी हवे, चालक, फायरमन व कारागीर हवेत, आणि या सर्वांना निवारा हवा. केल्सोची उत्पत्ती ती एवढीच.

पाणी मात्र तेथील आकाशातून मिळण्यासारखे नव्हते. पॅसिफिकवरून येणारे हिवाळी वारे पश्चिमेकडील पर्वतांवर आपली बहुतेक आर्द्रता टाकून येतात. या प्रदेशाच्या सखल भागात वर्षाकाठी साडेतीन इंचांच्या आसपास, तर उंच डोंगरांवर नऊ इंचांपर्यंत पाऊस पडतो. म्हणजे केल्सोला तारणारा पाऊस केल्सोत पडतच नसे. प्रॉव्हिडन्स पर्वतात तो मुरे आणि तेथील झऱ्याचे पाणी नळाने खाली आणलेले असे. वर्षाच्या एकूण पावसाचा निदान चतुर्थांश उन्हाळी गडगडाटी वादळांतून येतो, आणि हा वाटा उपकारक असतोच असे नाही. उघड्या, कठीण भूमीवरून पाणी क्षणात कोरड्या ओढ्यांत उतरते. अतिवृष्टीचा धोका हिवाळ्यातही टळत नाही. याच मार्गावर, नेव्हाडातील मेडो व्हॅली वॉशमध्ये, १९१० च्या आरंभी आलेल्या पुराने रूळ वाहून नेले व वाहतूक कित्येक महिने बंद पडली. दुष्काळी प्रदेशातील रेल्वेला पाण्याची टंचाई आणि पाण्याचा लोंढा या दोहोंची तरतूद करावी लागते, ती यामुळे.

स्पॅनिश मिशन शैलीतील स्थानकाची इमारत १९२४ मध्ये उघडली. तीत भोजनगृह होते, कामगारांच्या निवासाच्या खोल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात जवळच्या व्हल्कन खाणीतील लोहखनिज फोंटाना येथील कैसरच्या पोलाद कारखान्यास जाऊ लागले, तेव्हा लोकसंख्या दोन हजारांपर्यंत चढली. मद्यपींना एखादी रात्र डांबून ठेवण्यासाठी दोन कोठड्यांचा तुरुंगही आला! पण युद्धानंतर लवकरच खाण बंद झाली.

त्याहून खोल आघात डिझेल इंजिनाचा होता. त्याला वाफेसाठी पाणी नको, आणि साहाय्यक इंजिनांची गरजही उरली नाही. हवामान तेच राहिले, चढही तोच. वस्तीचे कारण तेवढे नाहीसे झाले. घरे रिकामी होत गेली. १९८५ मध्ये भोजनगृह बंद झाले, तेव्हा इमारत पाडण्याचाच विचार होता. स्थानिकांच्या विरोधामुळे ती वाचली. १९९४ मध्ये हा प्रदेश मोहावी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रात समाविष्ट झाला व २००५ मध्ये दुरुस्त इमारत अभ्यागत-केंद्र म्हणून खुली झाली. समोरून मालगाड्या आजही हीच चढण चढतात. पाण्यासाठी मात्र कोणी थांबत नाही.