फलकावरची एक ओळ

कोणत्याही गावच्या हायस्कुलात पाऊल टाकले की मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर भिंतीवर एक काळा लाकडी फलक दिसतो. वर मोठ्या अक्षरांत 'शालान्त परीक्षेत प्रथम आलेले विद्यार्थी' आणि खाली तीन रकाने : वर्ष, नाव, शेकडा गुण. शाळेत असताना आपण रोज त्याच्याखालून जातो, पण तो कोणी वाचत नाही. प्रार्थनेला उशीर झाला म्हणून बाहेर उभे केले, तर तेवढा वेळ वाचून होतो. मी तो वाचला तो मात्र वडिलांमुळे. माझे वडील पेंटर आहेत. शिक्षण त्याच शाळेत आठवीपर्यंत. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागची अक्षरे, निवडणुकीच्या भिंती हे त्यांचे काम. आणि वर्षातून एकदा, दहावीचा निकाल लागला की, शाळेच्या फलकावर एक ओळ. फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचे काम बहुतेक गेले. या फलकावर फ्लेक्स चिकटवता येत नाही, म्हणून ती ओळ टिकली आहे. तेव्हा गुणगौरवाविषयी मी पुढे जे लिहिणार आहे, ते शिडीच्या बाजूने पाहिलेले आहे असे वाचकांनी समजावे.

ओळ लिहिण्याची रीत सांगण्यासारखी आहे. आधी खडूची भुकटी लावलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून धरायची आणि मध्ये चिमटीत उचलून सोडायची, की फलकावर सरळ पांढरी रेघ उमटते. अशा दोन रेघांच्या मध्ये अक्षर बसवायचे. त्याआधी अक्षरे मोजायची, कारण नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तेवढ्याच जागेत मावले पाहिजे. मजुरी अक्षरामागे. जोडाक्षर एकच धरतात, त्यामुळे 'ज्ञानेश्वर' चार अक्षरांत होतो. आण्णांना तो तोट्याचा वाटतो, कारण मेहनत आठ अक्षरांची पडते.

हा 'पहिला नंबर' आपल्याकडे आला कोठून? मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा 1859 साली सुरू झाली, आणि सगळ्या इलाख्याची मुले एकाच फूटपट्टीने मोजण्याची सोय झाली. संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळू लागली, आणि तिचे मानकरी घरोघर ठाऊक असत. 1912 साली चिंतामण द्वारकानाथ देशमुख मॅट्रिकला पहिले आले, ती शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री झाले. अशी उदाहरणे डोळ्यांपुढे असल्यावर पहिल्या नंबराला गावोगाव मान मिळावा यात नवल नाही. पुढे एस.एस.सी. आली, बोर्डाची गुणवत्ता यादी आली, वर्तमानपत्रांत पेढा भरवतानाचे फोटो आले. ती यादी जाहीर करणे बोर्डाने नंतर थांबवले. शाळांच्या भिंतींवरचे फलक मात्र थांबले नाहीत.

आमच्या शाळेचा फलक 1963 पासूनचा आहे. त्यावरची पहिली ओळ 58 टक्क्यांची आहे. आजचा विद्यार्थी ती वाचून हसतो. पण त्या काळी साठ टक्क्यांना पहिला वर्ग मिळे, आणि गावच्या शाळेला तो दुर्मिळ होता. 1975 या वर्षासमोर दोन ओळी आहेत. मी लहानपणी विचारले होते की त्या वर्षी दोघांना सारखे गुण पडले का. तसे नव्हते. त्या वर्षी जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली अशा दोन परीक्षा झाल्या. त्यानंतरच्या बऱ्याच ओळींत 82.14 असे वेडेवाकडे अपूर्णांक आहेत. 2010 पासून ते एकदम शिस्तीत आले : .20, .40, .60, .80. सर्वोत्तम पाच विषयांचे पाचशेपैकी गुण धरू लागल्यावर दुसरे काही येऊच शकत नाही. म्हणजे एकाच रकान्यात खालीवर लिहिलेले हे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यासारखे नाहीत. 58 वाला 94 वाल्यापेक्षा कमी हुशार होता असे हा फलक सांगत नाही, पण वाचणाऱ्याला तसे वाटते खरे.

फलकाखालोखाल मान बक्षीस समारंभाचा. स्नेहसंमेलनात 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, गणितात प्रथम' अशी जी नावे पुकारली जातात, त्यांच्यामागे एक ठेव असते. कोणी तरी आईवडिलांच्या नावे शाळेकडे रक्कम देतो, शाळा ती बँकेत मुदत ठेवीत ठेवते आणि व्याजातून दरवर्षी बक्षीस. 1001 रुपयांवर दहा टक्के व्याज मिळे तेव्हा शंभर रुपये येत, आणि त्या काळी शंभरात कंपासपेटी, वह्या असे घसघशीत काही येई. आता साडेसहा टक्क्यांनी पासष्ट रुपये येतात आणि त्यात एक बरे पेन येते. मूळ रक्कम तीच, श्रद्धाही तीच, पण देणगीदाराची नातवंडे मांडवात बसून पेन देताना ओशाळतात हे मी पाहिले आहे. काही शाळांत अशा अनेक छोट्या ठेवी एकत्र करतात. पण मग 'कै.' पुढचे नाव पुसते, आणि देणाऱ्याने पैसे दिलेले असतात ते त्या नावासाठीच.

इथपर्यंत जे सांगितले तो एकेका मुलाचा गौरव झाला. शाळेचा म्हणून जो अभिमान असतो तो फलकावर कधीच येत नाही. आमची मुले तालुक्याला कबड्डी जिंकली तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मिरवणूक निघाली, हलगी वाजली, सगळा गाव गुलालाने लाल झाला. दहावीला पहिल्या आलेल्या कोणासाठी हलगी वाजल्याचे मला आठवत नाही. पण कबड्डीत मैदानावर सात जण, खोखोत नऊ जण, आणि फलकावर वर्षाला ओळ एक. ढालीवर शाळेचे नाव तेवढे कोरले जाते. ते खेळाडू कोण होते हे दहा वर्षांनी शिपाईमामांनाच विचारावे लागते.

साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ते रोज स्वतःच्या हाताने एक दैनिक लिहून काढीत. त्याचे नाव 'छात्रालय'. त्यात मुलांच्या राहणीविषयी, वागण्याविषयी, रोजच्या घडामोडींविषयी लिहिलेले असे. अशा रोजच्या कागदात कबड्डीचे सात जण सहज मावतील. फलकावर ते मावत नाहीत, कारण तो वर्षातून एकदा लिहायचा आणि पन्नास वर्षे टिकवायचा असतो.

आता मूळ मुद्द्यावर येते. आमच्या फलकावर 2020 नंतर थेट 2022 आहे. मध्ये एका ओळीची जागा काळी आहे. ते आमचे वर्ष. 2021 साली कोरोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली आणि 16 जुलैला निकाल लागला तो सूत्राने : नववीच्या निकालाला 50 गुण, दहावीतल्या लेखी मूल्यमापनाला 30, तोंडी-प्रात्यक्षिकाला 20. राज्याचा निकाल 99.95 टक्के. आमच्या शाळेत सर्वांत जास्त गुण मला पडले, 94.20. हेडसर आण्णांना म्हणाले, "परीक्षाच झाली नाही, तर प्रथम कसं लिहायचं? यंदा राहू द्या." आण्णा काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी 2022 ची ओळ लिहिताना त्यांनी दोरी एक ओळ खाली ताणली.

मला तेव्हा राग आला होता. नंतर मी हिशेब मांडून पाहिला. नववीचे ते 50 गुण म्हणजे काय? 2020 च्या टाळेबंदीत नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही रद्द झाली होती, म्हणजे नववीचा निकाल मुख्यतः पहिल्या सत्रावर आणि चाचण्यांवर उभा. आणि आमचे पहिले सत्र म्हणजे ऑगस्ट 2019, कृष्णेचा महापूर. आमचे घर गावठाणात वर आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे घर मळईला. पाणी पत्र्यापर्यंत गेले, वह्यापुस्तके गेली, दोन म्हशी गेल्या. तो पंधरवडाभर शाळेत नव्हता आणि सत्र परीक्षेत बीजगणितात त्याला जेमतेम पास होण्याइतके गुण होते. तोच मुलगा दहावीत मोबाइलवरच्या तासानंतर मला फोन करून माझी बीजगणिते तपासून देई. पेपर झाला असता तर तो माझ्या पुढे गेला असता, निदान गणितात तरी नक्की. पुराचे पाणी दोन वर्षांनी त्याच्या गुणपत्रिकेत शिरले, आणि माझ्या गुणपत्रिकेत ते शिरले नाही, एवढाच आम्हां दोघांतला फरक. त्याने आयटीआय केली. मी कला शाखेला आले, माझ्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच.

यंदाच्या संमेलनाआधी नवे हेडसर फलक पाहून म्हणाले, "पेंटर, मधली ओळ भरून टाका, बरं दिसत नाही." संध्याकाळी आण्णांनी जेवतानाच बोटांवर मोजले. "तुझं नाव, माझं नाव, आडनाव. अकरा अक्षरांत बसतंय. बेस बसतंय."

मी म्हटले, "आण्णा, त्याचं बी नाव घाला की."

"कुणाचं?"

मी सांगितले. ते बराच वेळ भाकरी मोडत राहिले. मग पुन्हा बोटे मोजू लागले. एका ओळीत दोन नावे बसवायची तर अक्षर पाऊण करावे लागेल, आणि मग वरच्याखालच्या ओळींपुढे ती ओळ बारीक दिसेल. शिवाय गुणांच्या रकान्यात कोणाचे गुण लिहायचे? आणि पहिला क्रमांक दोघांचा म्हणायचा तर हेडसरांना कमिटीला विचारावे लागेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेडसरांना विचारले. ते म्हणाले, बघू, मीटिंगमध्ये काढतो विषय.

मागच्या रविवारी मी शाळेत डोकावले. फलकावर 2021 हा आकडा पांढऱ्या रंगात लिहून झाला आहे. त्याच्यापुढे खडूच्या दोन रेघा मारलेल्या आहेत, रोजच्यापेक्षा जरा जवळजवळ.