करंगळीएवढा बोल्ट

नागपूरहून रुग्णाला घेऊन निघालेल्या बीचक्राफ्ट सी-९० विमानाचं चाक ६ मे २०२१ रोजी उड्डाणाच्या वेळीच निखळून पडलं. वैमानिकांनी ते विमान मुंबईत, फेस पसरलेल्या धावपट्टीवर, पोटावर उतरवलं. पाचही जण सुखरूप. टीव्हीवर ते बघताना मला मात्र आमच्या हँगरमधला एक बोल्ट आठवत होता.

तो बोल्ट तुटला तेव्हा मी विमान देखभालीचं काम नुकतंच शिकत होतो. प्रशिक्षणाचं एक दोन इंजिनांचं विमान उतरलं आणि वेग कमी होता होता त्याचं पुढचं चाक दुमडलं. नाक घासलं, दोन्ही पंखे वाकले. शिक्षक आणि विद्यार्थी आपल्या पायांनी बाहेर आले. चाकं पक्की बसल्याचे तिन्ही हिरवे दिवे लागले होते, असं दोघंही शपथेवर सांगत होते.

पुढच्या चाकाला आधार देणारा दांडा मध्ये गुडघ्यासारखा दुमडतो. तो ताठ झाला की चाक बसलं. हा दांडा ज्या बोल्टने धरलेला असतो, तोच तुटला होता. मी दोन्ही तुकडे उचलले, एकमेकांना लावून बघणार, तोच आमच्या ज्येष्ठ इंजिनिअरांनी माझं मनगट धरलं. "जोडू नकोस. पुसूही नकोस."

मग त्यांनी भिंग हातात दिलं. तुटलेल्या तोंडाचा निम्म्याहून जास्त भाग गुळगुळीत, आणि त्यावर एका कडेपासून निघालेल्या बारीक कमानी, ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा. बाकीचा भाग खडबडीत आणि ताजा. म्हणजे तडा त्या दिवसाचा नव्हताच. दर उतरण्यागणिक तो कणाकणाने सरकत आला होता, आणि शेवटी उरलेल्या धातूला भार पेलवला नाही. याला धातूचा थकवा म्हणतात. कमानींच्या मुळाशी गंजाचा टाचणीच्या टोकाएवढा खड्डा होता. मी ती तोंडं एकमेकांवर घासली असती, तर या खुणा गेल्या असत्या. "पोराने आपटलं असणार," असं आवारात बोललं जाऊ लागलंच होतं. अपघाताचा तपास पुन्हा तसं घडू नये म्हणून करायचा, कुणाला दोषी ठरवायला नव्हे, असं आंतरराष्ट्रीय नियमांच्या परिशिष्ट १३ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. पण त्यासाठी पुरावा तरी शिल्लक राहायला हवा ना!

आमच्याकडे त्याच जातीचं दुसरं विमान होतं. त्याचा तोच बोल्ट काढला, साफ केला, लाल द्रावण लावून थांबलो, ते पुसलं आणि वर पांढरी पूड फवारली. काही मिनिटांत पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटली. त्याच सकाळी ते विमान दोनदा उडून आलं होतं.